'असहिष्णुता' : अर्थ आणि वापर (चर्चेत बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं)

वाई : अकरावीच्या मुलांना 'धार्मिक असहिष्णुता आणि समाज' असा निबंध द्यायचाय. पण हा शब्द आमच्याकडे बोलण्यात येतच नाही. गावात काय म्हणतात? शिवाय एकाने वर्गातच विचारलं, "सर, कुठला समाज?" जाणकारांनी सांगावं.

कराड : आधी व्युत्पत्ती. सह् धातूला 'इष्णु' प्रत्यय लागून सहिष्णु, म्हणजे सोसण्याचा स्वभाव असलेला. एकदा सोसलं म्हणून कुणी सहिष्णू ठरत नाही, ते अंगवळणी पडावं लागतं. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतल्या 'वर्धिष्णु'लाही हाच प्रत्यय आहे. पाणिनीने वृध् आणि सह् एकाच सूत्रात घेतलेत. गंमत म्हणजे वेदांत सह् चा अर्थ जिंकणं, पुरून उरणं असाही आहे.

मिरज : बोलीत म्हणाल तर 'खपवून घेणार नाही'. फलकावर, भाषणात, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे तेच. मला मात्र 'सहिष्णुता'च खटकते. एक सोसणारा आणि एक ज्याला सोसायचं तो, अशी वाटणी त्यात आधीच झालेली असते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसाला 'आम्ही तुम्हाला सोसतो' असं तोंडावर म्हणून बघा.

२००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत स्वागत कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल झाली आणि ती सांगली, इचलकरंजीपर्यंत पोचली. अशा वेळी पेपरांचे ठरलेले शब्द असतात : 'दोन गट', 'समाजकंटक', 'तणावपूर्ण शांतता'. धर्माचं नाव छापत नाहीत ते आग वाढू नये म्हणून, हे मान्य. पण 'दोन गटांत वाद' म्हटलं की बांधावरचं भांडण आणि धर्मावरून पेटलेलं भांडण एकाच रांगेत बसतं. 'समाजकंटक' तर फारच सोयीचा. काटा बाहेरून आलेला, समाज नामानिराळा!

याच मिरजेत सूफी संत ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला (कबरीवर चढवायच्या चादरीला) मान आहे. दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. कडेगावला मोहरमच्या ताबुतांच्या 'भेटी' होतात, त्यांतले काही ताबूत हिंदूंचे. यातल्या कशालाच तिथले लोक सहिष्णुता म्हणत नाहीत. शब्द आहेत मान आणि भेट. माझ्या मते असहिष्णुतेचा आपल्याकडचा विरुद्धार्थी शब्द 'मान'.

विटा : दादा, ऐकायला गोड आहे, पण मानपानावरून डोकी फुटलेली आपल्याकडे कमी आहेत का? मान घराण्याला, भावकीला, जातीला मिळतो. काल बाहेरून येऊन भाड्याने राहिलेल्याला कसला मान? त्याच्यासाठी मला 'सहिष्णुता' हा कोरडा शब्दच बरा वाटतो. आवडत नसलं तरी हात उचलायचा नाही, एवढंच. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव चालून गेला आणि एका माणसाचा जीव गेला. त्या रात्री नुसतं सोसणं पुरलं असतं.

मिरज : ताई, हे बरोबर. मान जुन्या ओळखीतल्यांचा असतो. सोसणं अनोळखी माणसालाही लागू पडतं.

कराड : आता त्या पोराचा प्रश्न, 'कुठला समाज?' मला तो निबंधाच्या विषयापेक्षा चांगला वाटला. प्रार्थना समाज (१८६७), सत्यशोधक समाज (१८७३) या नावांत समाज म्हणजे एका विचाराने जमलेली मंडळी. सत्यशोधक तर आपल्या सातारा भागात खोलवर रुजले होते. आज 'समाजाचा मेळावा', 'समाजाचं कार्यालय' म्हटलं की जात किंवा धर्म. सगळ्यांना मिळून म्हणायचं तर लोक 'गाव' म्हणतात : "गावानं ठरवलं."

'सामाजिक बहिष्कार'ही बघा. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा ज्यावर आहे तो बहिष्कार आपल्याच माणसांनी घातलेला असतो. बोलीत 'वाळीत टाकणं'. मुलगी परजातीत दिली म्हणून ज्या घराचं पाणी बंद होतं, त्या घराला 'कुठला समाज' हे विचारावं लागत नाही. मुलांना असहिष्णुता फक्त परधर्माबद्दलची असते असं वाटू देऊ नका.

वाई : मग 'धर्मावरून होणारी असहिष्णुता आणि आपलं गाव' असा विषय देतो. पण वर्गात निम्मी पोरं शहरातली आहेत.

विटा : 'आपली गल्ली' म्हणा. जास्त लिहितील.

कराड : आणि फळ्यावर लिहिताना जपून. 'असहिष्णू' दीर्घ, पण 'असहिष्णुता' ऱ्हस्व. मूळ तत्सम शब्द ऱ्हस्वान्त आहे. मराठीत सुटा आला की शेवट दीर्घ होतो, पुढे 'ता' लागला की पुन्हा ऱ्हस्व. 'वर्धिष्णू'चंही तसंच.