मदत हवी आहे: डेकखाली स्कंक, घरात कुत्रा. तातडीने उपाय सुचवा

ढब्बूचा_बाबा
मंडळी, डोकं पार आऊट झालंय. घरामागच्या डेकखाली (लाकडी ओट्याखाली) स्कंकने, म्हणजे घाण वासाचा फवारा मारणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याने, बिऱ्हाड केलंय. काल रात्री ढब्बूने नको तिथे नाक खुपसलं आणि थोबाडावर फवारा घेऊन थेट सोफ्यावर येऊन लोळला. टोमॅटोच्या रसाने आंघोळ घातली. आता स्कंक आणि सार असा मिश्र वास येतोय. बायकोने त्याला गराजात हद्दपार केलंय. वास कसा घालवायचा आणि त्या प्राण्याला कसं हाकलायचं? पिंजरा लावून लांब रानात सोडून यायचा विचार आहे. लवकर सांगा, सोमवारी सासूसासरे येतायत.

सह्यकडा
स्कंक म्हणजे नेमकं काय? फोटो टाका की. आमच्या गुहागरच्या घरी माळ्यावर उदमांजर यायचं, रात्रभर धुडगूस. आजोबा खाली थाळी बडवायचे.

खारुताई
आधी हे सांगा: राहता कुठे? कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन चालू आहे का? नुसता फवारा बसला की झटापट, चावाचावी झाली? डोळे लाल आहेत का?

ढब्बूचा_बाबा
बॉस्टनच्या पश्चिमेला. डोळे जरा लाल आहेत, सारखा पंजाने चोळतोय. इंजेक्शन दिलेलं आहे बहुतेक. वासाचं सांगा ना कुणीतरी!

रसायनवाला
टोमॅटोने वास जात नाही. आपलं नाक त्या वासाला सरावतं आणि टोमॅटोचा वास तेवढा जाणवतो. शेजाऱ्याला बोलावून हुंगायला सांगा, कळेल.

फवाऱ्यात गंधकाची संयुगं असतात, थायॉल. त्यांचं ऑक्सिडीकरण केलं तरच वास मरतो. पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची कृती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली, ती अजून चालते: औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण 1 लिटर, पाव कप खायचा सोडा, एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. कुत्रा कोरडा असतानाच लावा, आधी पाणी घालू नका. कातडीपर्यंत चोळा, पाच मिनिटं ठेवा, मग भरपूर कोमट पाण्याने धुवा. डोळ्यांत, तोंडात अजिबात जाऊ देऊ नका. चेहऱ्यावर फडक्याने हळूहळू टिपा. हातमोजे घाला. काळा कुत्रा असेल तर केस जरा भुरे होतील.

नाशिकची_नमू
मी तर हे करून बाटलीत भरूनच ठेवते, वेळेला हाताशी असलेलं बरं.

रसायनवाला
नमूताई, आज ती बाटली सिंकमध्ये ओता! त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, झाकण घट्ट असेल तर बाटली फुटते. उघडी ठेवली तर जोर निघून जातो. दर वेळी ताजंच करायचं, उरलेलं फेकायचं.

खारुताई
अहो ढब्बूचे बाबा, आंघोळीच्या आधी डोळे. साध्या कोमट पाण्याने नाहीतर सलाइनने धुवा. तरी चोळतच राहिला, डोळे मिटूनच ठेवले, तर आज व्हेटकडे. क्वचित या फवाऱ्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा मलूल झाला तर थांबायचं नाही.

आणि "बहुतेक" चालणार नाही, कागद काढून तारीख बघा. फवाऱ्यातून रेबीज होत नाही, चाव्यातून होतो. केस बाजूला सारून दातांच्या खुणा तपासा. चावा दिसला तर इंजेक्शन चालू असलं तरी लगेच बूस्टर आणि 45 दिवस नजरेखाली.

पेठेतला_काका
एवढं पुराण कशाला? डेकखाली डांबरगोळ्या टाका मूठभर. आमच्याकडे घुशी, उंदीर, साप, सगळे याच उपायाने गेले.

खारुताई
काका, डांबरगोळी कुत्र्याने गिळली तर विषबाधा होते. अमेरिकेत त्या प्राणी हाकलायला उघड्यावर टाकणं बेकायदाही आहे.

पेठेतला_काका
चाळीस वर्षं टाकतोय, कुणी मेलं नाही. हल्ली कायद्याचा बाऊ फार.

जर्सीकर
काकांशी असहमत, पण पिंजऱ्याची कल्पना चांगली. कॅट फूड ठेवा, पकडला की दहा मैलांवर सोडा. कोण बघतंय?

खारुताई
तुमच्या बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वन्य प्राणी पकडून आपल्या आवाराबाहेर सोडता येत नाही. परवानाधारक माणूस बोलावलात तरी त्याला तो तिथेच सोडावा लागतो नाहीतर मारावा लागतो. रेबीज पसरवणारा प्राणी दहा मैलांवर नेऊन सोडणं म्हणजे आपली ब्याद दुसऱ्याच्या अंगणात. शिवाय मे महिना चाललाय, डेकखाली मादी असेल तर पिल्लंही असणार. आई उचललीत तर पिल्लं तिथेच मरतील. मग वास काय असतो ते कळेल.

जर्सीकर
बरं बाई.

विदर्भवाला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मिशिगनचा_माळी
हाकलायचं आमच्याकडून ऐका. लॉनमध्ये छोटी, खाली निमुळती होत जाणारी भोकं पडलीत का? मग तो जमिनीतले हुमणीसारखे पांढरे किडे खायला येतोय. कचऱ्याचा डबा, पक्ष्यांच्या दाण्याखालचा सडा, बाहेर ठेवलेलं कुत्र्याचं खाणं, सगळं बंद करा.

डेकखाली शिरायच्या भोकाच्या तोंडाशी पीठ भुरभुरा, सकाळी ठसे बघा. पिल्लं असतील तर जुलैपर्यंत कळ काढा, तोवर ती आईमागे बाहेर पडू लागतात. मग भोकावर एकाच बाजूने उघडणारं दार बसवा. बाहेर जाईल, आत येता येणार नाही. सगळे गेल्याची खात्री झाली की अर्धा इंची जाळी डेकभोवती फूटभर खोल पुरा आणि खालची कड बाहेरच्या बाजूला वळवा. हे वळवणं लोक विसरतात आणि प्राणी कडेने उकरून परत आत.

ढब्बूचा_बाबा
जुलै??? आणि तोवर ढब्बूने काय करायचं?

मिशिगनचा_माळी
रात्री पट्टा लावूनच बाहेर. दार उघडायच्या आधी अंगणातला दिवा लावा, टाळ्या वाजवा, स्कंकला पळायला वेळ द्या. त्याची नजर अधू असते, दचकला की फवारतो. आधी पुढचे पाय आपटतो, शेपटी उभारतो. तेवढ्यात कुत्र्याला ओढून माघार घ्या. तीनेक मीटरवरून नेम चुकत नाही.

सिंगापूरची_शलाका
अवांतर: आम्ही पुण्याहून लॅब्राडोर इकडे आणतोय, विमानाच्या पिंजऱ्याचं माप कुणाला माहीत आहे का?

सह्यकडा
गूगल करून फोटो पाहिला. हे तर उदमांजरापेक्षा देखणं आहे!

ढब्बूचा_बाबा
अपडेट: डोळे धुतले, आता उघडे ठेवतोय. दातांच्या खुणा नाहीत. कागद सापडला, इंजेक्शन पुढच्या वर्षीपर्यंत चालू आहे. पेरॉक्साइडची आंघोळ झाली, नव्वद टक्के वास गेला. हनुवटीखाली अजून आहे आणि ओला झाला की परत भपकारा येतो. पिठात रात्री ठसे उमटलेत, मोठे आणि लहानही.

रसायनवाला
फवाऱ्यात थायोॲसिटेट असतात, पाणी लागलं की त्यांचे पुन्हा थायॉल होतात, म्हणून ओलं झाल्यावर वास. हनुवटी पूर्ण वाळू द्या आणि ताजं मिश्रण करून पुन्हा टिपा.

ढब्बूचा_बाबा
आणि हेच मिश्रण सोफ्याला चालेल का? निळा आहे.

नाशिकची_नमू
मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात आधी लावून बघा. माझ्या निळ्या चादरीवर केशरी डाग पडलेत.