कुरामोतो मॉडेल: दोलक एकदम का जुळतात, आणि कमी कपलिंगला आर शून्य का होत नाही?

ताळगाव_पठार (प्रश्न):
नमस्कार. पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या मोलेच्या रानात काजवे लुकलुकतात, त्यावरून स्वयंसंघटन हा विषय एमएस्सीच्या प्रकल्पाला घेतला आहे. कुरामोतो मॉडेल, म्हणजे प्रत्येक दोलक इतरांच्या फेजकडे (चक्रातल्या जागेकडे) ओढला जातो असे गणित, पायथनमध्ये लिहिले. दोलकांची संख्या एन = २००. नैसर्गिक वारंवारता −१ ते १ मधून यादृच्छिक, सगळ्या मूल्यांना सारखी संधी. ऑयलर पद्धत, पायरी ०.०५, एकूण वेळ ५०, आणि शेवटच्या क्षणाचा आर (जुळणीचे माप: ० म्हणजे विस्कळित, १ म्हणजे पूर्ण जुळणी) नोंदवतो. के (कपलिंग, म्हणजे परस्पर ओढीचा जोर) ० ते ३, दर वेळी ०.१ ने वाढवून.

सूत्राप्रमाणे के = २ ला संक्रमण सुरू व्हायला हवे आणि पुढे आर = √(१ − २/के) असा सावकाश चढायला हवा. प्रत्यक्षात १.३ आणि १.४ च्या मध्येच आर ०.१ वरून थेट ०.८५ च्या वर जातो. त्याच्या खाली आर शून्य न होता ०.०३ ते ०.१२ मध्ये हलत राहतो. शिवाय दोन फॉर लूपमुळे कोड फार सावकाश चालतो. चूक कुठे शोधू?

मांडवी_तीर:
तुमचे आकडे बरोबर आहेत, फक्त ताडून पाहायला घेतलेले सूत्र दुसऱ्या वितरणाचे आहे. के = २ गॅमा (गॅमा म्हणजे वितरणाची रुंदी) आणि ते वर्गमुळाचे सूत्र लोरेंट्झ वितरणासाठी आहे. सर्वसाधारण नियम असा: क्रांतिक के (जिथे जुळणी सुरू होते तो) = २ ÷ (पाय (π) × वितरणाची मध्यावरची घनता). −१ ते १ या सपाट वितरणाची घनता ०.५, म्हणून क्रांतिक के = ४/पाय, म्हणजे १.२७३.

उडीसुद्धा खरी आहे, आणि मला हा भाग फार सुंदर वाटतो. एखादा दोलक सरासरी क्षेत्राला (सगळ्यांच्या एकत्रित ओढीला) जखडला जातो तो त्याची वारंवारता के × आर पेक्षा कमी असेल तेव्हाच. क्रांतिक बिंदूवर आर = पाय/४ = ०.७८५ निघतो, म्हणजे के × आर बरोबर १. तुमचा सर्वांत वेगवान दोलकही १ चाच, म्हणून सगळे एकाच वेळी जखडतात. घंटेच्या आकाराच्या वितरणात आधी मधले जखडतात आणि कडेचे मागाहून एकेक येतात, म्हणून तिथे चढ सावकाश असतो.

मग १.३ ला आर कमी का? तिथे वेळ अपुरा पडतो. या वितरणात विस्कळित अवस्थेतून बाहेर पडण्याचा दर कॉट(२/के) आहे (कॉट म्हणजे कोटॅन्जंट). के = १.४ ला तो ०.१४ येतो, ०.०६ पासून ०.८ ला पोहोचायला १८-२० एकके पुरतात. के = १.३ ला दर ०.०३, म्हणजे सुमारे ८० एकके, आणि तुम्ही ५० ला थांबता. क्रांतिक बिंदूजवळ वेळ ५०० ठेवा, पहिले ३०० टाकून द्या आणि उरलेल्या २०० ची सरासरी घ्या. शेवटच्या एका क्षणाचा आर नोंदवायचा नाही.

खालचा ०.०३ ते ०.१२ हा मर्यादित एन चा परिणाम. विस्कळित दोलकांचा सरासरी आर √(पाय ÷ ४एन) असतो, २०० साठी ०.०६३. एन ८०० करा, निम्मा होईल. नाही झाला तर मात्र कोडमध्ये गडबड आहे.

झुवारीचो_पूल:
कोडबद्दल. आतला लूप काढून टाका. दर पायरीला ई^(आय थीटा) ची (थीटा म्हणजे दोलकाचा फेज) सरासरी एकदाच काढा: तिचे परिमाण आर आणि कोन साय. मग प्रत्येक दोलकाचा वेग = स्वतःची वारंवारता + के × आर × साइन(साय − थीटा). जोड्यांची बेरीज हीच आहे, पण काम एन-वर्गाऐवजी एन इतके होते. ऑयलर सोडून चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा घ्या. साय चारही उपपायऱ्यांत नव्याने काढायला हवा. एकदाच काढून चारदा वापरला तर पद्धतीची अचूकता जाते आणि तसे लक्षातही येत नाही.

सावकाश चढ पाहायचा असेल तर गाउस वितरण घ्या. सिग्मा (प्रमाण विचलन) = १ ला क्रांतिक के १.६ येतो. लोरेंट्झ घेताना जपून, त्याच्या शेपट्या फार लांब असतात. २०० दोलक समान टक्केवारीवर ठेवले तरी टोकाचा १२७ च्या वारंवारतेवर जातो. ०.०५ च्या पायरीत तो ६.४ रेडियन, म्हणजे एका फेरीहून जास्त फिरतो, आणि त्याचे गणित निरर्थक होते.

के एकदा वर नेताना आणि एकदा खाली आणताना मोजा, आधीच्या के चे अंतिम फेज पुढच्याला देऊन. आणि वारंवारतांचे किमान २० वेगवेगळे नमुने, कारण एन = २०० ला नमुन्यागणिक क्रांतिक के सरकतो.

ताळगाव_पठार:
देव बरें करूं दोघांचें! एक शंका राहिली. काजव्याला झाडावरचे सगळे काजवे दिसत नाहीत. चौकोनी जाळी आणि चार शेजारी घेतले तर हेच क्रांतिक के धरू का?

मांडवी_तीर:
नाही. द्विमितीय जाळीत ते सूत्र लागत नाही, आणि जाळी मोठी केली की आर घटत जातो. १५, ३० आणि ६० बाजूची जाळी घेऊन तुलना करा. आर कमी म्हणजे संघटन नाही असे तिथे म्हणता येत नाही, कारण जुळलेले तुकडे असतात पण त्यांचे फेज वेगवेगळे. म्हणून शेजारच्या जोड्यांची कोसाइन(फेजफरक) सरासरी मोजा, आणि प्रत्येक दोलकाची दीर्घकालीन वारंवारता रंगाने दाखवा. फेज २ पाय ला गुंडाळण्याआधी साठवा, नाहीतर ही वारंवारता चुकीची येईल. कपलिंगला शेजाऱ्यांच्या संख्येने भागा.

काजव्यांना खरे तर मिरोलो-स्ट्रोगाट्झ (१९९०) मॉडेल जवळचे. प्रत्येकाची पातळी ० ते १ चढते, चढण्याचा वेग = एस − पातळी. एस = १.१ घेतला तर एकट्याचा काळ २.४ येतो. १ ला पोहोचला की चमकून शून्यावर, आणि दिसणाऱ्या बाकीच्यांची पातळी ०.०१ ने वर. कोणी १ ओलांडला तर तोही त्याच क्षणी चमकतो. सगळे एकसारखे, सगळ्यांना सगळे दिसतात आणि विलंब नाही, अशा स्थितीत जवळपास कुठल्याही सुरुवातीपासून ते जुळतात हे सिद्ध आहे. तुमच्या जाळीवर ती हमी राहत नाही.

इथे ठरावीक पायरी वापरू नका. एका पायरीत १ ओलांडणारे सगळे कोडला एकाच क्षणी चमकलेले वाटतात आणि खोटी जुळणी दिसते. पुढचा कोण, किती वेळाने चमकणार हे सूत्राने काढून थेट त्या क्षणाला उडी घ्या. एका साखळीत चमकून गेलेल्याला त्याच साखळीत पुन्हा धक्का देऊ नका, नाहीतर तो त्या साखळीतच पुन्हा चढू लागतो.

झुवारीचो_पूल:
रानातले व्हिडिओ जोडणार असाल तर फोन तिपाईवर, एक्सपोजर आणि फोकस लॉक करून. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दोन चमकांतले अंतर ३३ मिलिसेकंदांपलीकडे अचूक कळत नाही. आधी एकेका ठिपक्याच्या अंतरांचा आलेख काढा. वारंवारतेचे वितरण त्यावरूनच ठरवायचे, सपाट की घंटेसारखे ते गृहीत धरू नका.