दमट लाकूड, सुटलेला वारा आणि शेकोटी : तुमचे अनुभव लिहा

थंडी सरत आली तरी रात्री उघड्यावर मुक्काम केला की शेकोटी हवीच वाटते, आणि नेमकं तेव्हाच सरपण दमट नि वारा मोकाट. मागच्या खेपेला मी अर्धी काडेपेटी संपवली, हाती आला फक्त धूर. तुम्ही कशी पेटवता? फसलेले प्रयत्नही सांगा.

•

जमिनीवर पडलेलं लाकूड मी आता उचलतच नाही, ते खालून ओल पितं. फांद्यांत अडकलेल्या वाळक्या काटक्या घेते. कटकन मोडली तर ठेवायची, वाकली तर टाकायची. पावसात भिजलेला वाळका ओंडका मात्र फेकू नका, फोडा. ओल बहुतेकदा वरवरच असते, गाभा कोरडा निघतो. त्या गाभ्याच्या काडीवर चाकूने पातळ ढलप्या सोलायच्या, पण तोडायच्या नाहीत. काडीलाच झुपका राहू द्यायचा. असे पाच-सहा झुपके आणि ओंजळभर बारीक काटक्या तयार झाल्याशिवाय मी काडी ओढत नाही. तयारीला अर्धा तास जातो, पेटायला एक काडी पुरते.

•

लाकूड पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियस तापावं लागतं. आतलं पाणी उकळून जाईपर्यंत ते १०० अंशांच्या आसपासच अडकतं, आणि आपण फुंकून फुंकून बेजार. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणून मी दमट लाकडं जाळाच्या कडेला उभी करून शेकतो आणि सुकतील तशी आत सारतो. खाली मनगटाएवढ्या लाकडांचा पाट घालतो, नाहीतर ओली जमीनच सगळी ऊब ओढून घेते.

एक कळकळीची विनंती : ओढ्यातले दगड भोवती लावू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. एकदा एक कपची माझ्या कानाजवळून गेली होती.

•

वाऱ्याचं मला उशिरा उमगलं. मी आडोशाच्या बाजूने काडी लावायचो आणि जाळ काटक्यांपासून लांब पळायचा. आता वाऱ्याकडे पाठ करून बसतो, त्याच बाजूने पेटवतो. वाराच जाळ आत ढकलतो. पाठीशी एक जाड ओंडका आडवा ठेवला की झोतही मोडतो.

•

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. पायाखाली चिखल होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण गेल्या वर्षीचं उभं वाळकं गवत थोड्या उन्हावाऱ्याने कोरडंठाक होतं. एक ठिणगी उडाली आणि बघता बघता खाटेएवढा पट्टा पेटला. ओल्या घोंगडीने झोडपून विझवला, पण हात कितीतरी वेळ थरथरत होते. तेव्हापासून आधी गवत खरवडून माती उघडी करते, पाण्याची बादली जवळ ठेवते आणि वारा जोरात असेल तर शेकोटीच करत नाही. निघताना पाणी ओतून राख काठीने ढवळते, पुन्हा ओतते आणि पालथा हात वर धरून बघते. ऊब लागली तर अजून एक बादली.