सुरवंट चावतो की लागतो?

परवा परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढताना मनगटाला खोडाचा ओझरता स्पर्श झाला आणि पाहता पाहता तिथे आग होऊन गांधी उठल्या. निरखून पाहिले तेव्हा सालीत मिसळून जाणारे पन्नासेक घुले, म्हणजेच सुरवंट, एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. शेजारच्या मुलाने विचारले, "काका, सुरवंट चावला का?" मनगटावर चिकटपट्टी दाबून रुतलेले केस काढता काढता (चोळले तर ते अधिकच आत जातात) मी त्या 'चावला'चाच विचार करीत होतो.

सुरवंटाचे जबडे पाने कुरतडण्यापुरते असतात. आपल्याला त्रास होतो तो त्याच्या अंगावरच्या ठिसूळ केसांचा, जे कातडीत मोडून राहतात आणि काही जातींत विषारीही असतात. विंचू नांगी मारतो, मधमाशी डंख करते. सुरवंट मात्र जागचा हलतही नाही, आपणच त्याला जाऊन भिडतो. म्हणून 'खाजकुयली लागली' म्हणतो तसे 'घुला लागला' हेच मला अचूक वाटते. त्यातही सोय अशी की, पुष्कळ केसाळ अळ्या कोष विणताना आपले केस त्यात गुंफतात आणि गळलेले केस वाळत घातलेल्या कपड्यांवरही येऊन पडतात, त्यामुळे प्राणी समोर नसतानाही तो 'लागू' शकतो. न दिसणाऱ्या सुरवंटाला 'चावला' कसे म्हणणार?

नामाबाबतही थोडी शिस्त हवी. अळी हा व्यापक शब्द आहे आणि सुरवंट म्हणजे केसाळ अळी, त्यामुळे 'केसाळ सुरवंट' ही द्विरुक्ती होते. कढीपत्त्यावरची लिंबू फुलपाखराची गुळगुळीत हिरवी अळी, जी डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते, तिला सुरवंट म्हणणे ही मुलांच्या अनुवादित पुस्तकांची देणगी असावी. सुरवंटाच्याच कुसरूड या दुसऱ्या नावाचे नाते मात्र मला कुसळाशी जोडावेसे वाटते, कारण दोन्ही रुततात आणि सहजी निघत नाहीत.

अडचण येते ती नारळाच्या झावळीवर आढळणाऱ्या, पाठीवर निळसर पट्टा असलेल्या हिरव्या अळीपाशी. तिच्या अंगावर काट्यांचे झुबके असतात आणि हात लागताच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. तिला मी सुरवंट न म्हणता काटेरी अळी म्हणतो, आणि तिच्यापुरते 'टोचली' हे क्रियापद मला मान्य आहे.