विषय: कॅम्पच्या पत्रकातलं एचआयव्हीचं पान

प्रेषक: आरोग्य उपसमिती

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या हिवाळ्यातल्या आरोग्य शिबिराचं पत्रक तयार होतंय. इथे दुबईत सोनापूर आणि अल कूझच्या लेबर कॅम्पमध्ये ते मराठीत आणि हिंदीत वाटायचं आहे. रक्तदाब, साखर, उन्हाचा त्रास ही पानं सगळ्यांना पसंत पडली. चौथं पान एचआयव्हीचं आहे. ते काढून टाकावं, असं कार्यकारिणीतल्या दोघांनी सुचवलंय, म्हणून विषय सगळ्यांपुढे ठेवते.

मी नर्स आहे. इथे येणाऱ्या प्रत्येक कामगाराची एचआयव्ही चाचणी होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, कारण आपलीही झाली आहे. निघण्यापूर्वी मुंबईत मान्यताप्राप्त केंद्रात मेडिकल, इथे उतरल्यावर पुन्हा रक्त आणि छातीचा एक्स-रे, मग व्हिसा नव्याने करताना परत तेच. इतक्या वेळा रक्त घेतलं जातं, पण त्या माणसाला समोर बसवून कोणी काही सांगत नाही. कशासाठी घेतलं, काय निघालं, निघालं तर पुढे काय, हे त्याला कळतच नाही. ‘अनफिट’ एवढाच शब्द हातात पडतो.

रत्नागिरीकडचा एक मुलगा असाच परत गेला. कंपनीने तिकीट दिलं, कारण कुणी नीट सांगितलं नाही. घरच्यांना वाटलं, साहेबाशी भांडला असेल. वर्षभराने क्षयाने खंगल्यावर गावच्या दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा एचआयव्ही असल्याचं कळलं. ते वर्ष त्याला औषधावर काढता आलं असतं. तोवर बायकोचीही तपासणी झाली नव्हती. म्हणून ते पान राहावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, देरा

ताई,

तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही. पान काढा म्हणणाऱ्यांत मी एक आहे, तेव्हा कारण सांगणं माझं कर्तव्य आहे. लोकलाजेपोटी मी हे म्हणत नाही.

समजा, आपलं पत्रक वाचून एखादा पोरगा घाबरला आणि इथल्याच क्लिनिकमध्ये जाऊन चाचणी करून आला. पॉझिटिव्ह निघाला, तर वर कळवणं डॉक्टरला भाग आहे. पोराची नोकरी गेली, व्हिसा गेला आणि त्याला पाठवणारे आपण. एजंटाचं कर्ज त्याच्या बापाच्या डोक्यावर तसंच. आखातातल्या एका देशात असा अनफिट झालेल्याला बाकीच्या देशांतही पाऊल टाकणं अवघड होतं. आपण चांगलं करायला जाऊ आणि त्याचा संसार उघड्यावर आणू. याला काय उत्तर आहे?

दुसरं, शिबिराला आपल्याला परवानगी घ्यावी लागते. तीही धोक्यात यायला नको.

प्रेषक: सभासद, शारजा (कंत्राटी कंपनीत कॅम्पची व्यवस्था पाहतो)

काकांचा मुद्दा बरोबर आहे. कॅम्पमधल्या पोरांनाही तो पक्का माहीत आहे, आणि दुखणं अंगावर काढायचं खरं कारण तेच आहे.

आमच्याकडे एका खोलीत आठ-दहा जण. पहाटे बस, संध्याकाळी बस. सुट्टीच्या दिवशी फोन आणि कपडे धुणं. लघवीला जळजळ, जखम, गाठ, काहीही झालं की पोरं इन्शुरन्स कार्ड काढत नाहीत. ओळखीच्याकडून गावाकडच्या गोळ्या मागवतात. डॉक्टरकडे गेलो की फाइल कंपनीकडे जाते, ही समजूत घट्ट आहे. ती प्रत्येक वेळी खरी नसेल, पण मेडिकलचा निकाल पीआरओच्या, म्हणजे कंपनीत व्हिसाची कागदपत्रं पाहणाऱ्या माणसाच्या, हातात येताना त्यांनी पाहिलाय, तेव्हा त्यांनी तरी वेगळं का समजावं?

कर्जाचंही सांगतो. परवानाधारक एजंटाला आपल्या सरकारच्या नियमानुसार 30,000 रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात पोरं त्याच्या कितीतरी पट मोजून येतात. पहिलं दीड वर्ष नुसतं फेडण्यात जातं. त्या काळात ‘परत जा’ ही शिक्षा फाशीसारखी वाटते, म्हणून दुखणं लपवणं हाच त्यांना शहाणपणा वाटतो.

आणि वागणुकीबद्दल बोलायचं तर, बावीस-पंचवीसची पोरं, दोन-दोन वर्षं घराबाहेर. काही जातात बाहेर. काही पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतात, ते तर तोंडातून कधीच काढणार नाहीत, कारण इथे तो गुन्हा आहे. गाव सोडून इकडे आल्यामुळे कुणी वाईट होत नाही. एकटेपणा आहे, कंडोमबद्दल बोलायला माणूस नाही, आणि विचारायची सोय नाही. हे तिन्ही आपण थोडं तरी कमी करू शकतो.

प्रेषक: डॉक्टर सभासद, अबुधाबी

सर्वांना नमस्कार. जरा सविस्तर लिहिते.

काका, तुमची भीती मला पूर्ण मान्य आहे, आणि पानाचा मजकूर त्या भीतीभोवतीच लिहायला हवा. ‘चाचणी करून घ्या’ असं मोघम वाक्य छापू नये. ‘रजेवर घरी गेलात की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत जा’ असं छापावं. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीचं सरकारी चाचणी आणि समुपदेशन केंद्र. तिथे चाचणी फुकट होते, समुपदेशक बसलेला असतो, निकाल गुप्त राहतो. जोडीने गेलात तर उत्तम. शिबिरात आपण स्वतः एचआयव्हीची चाचणी करायचीच नाही. परवानगीचा प्रश्नही त्याने बराचसा सुटेल.

इथून परत पाठवलेल्यांसाठी वेगळा मजकूर हवा, आणि माझ्या मते पानातला सर्वांत मोलाचा भाग तोच. परत गेलेल्या माणसाने सर्वांत आधी आयसीटीसीत पुन्हा तपासून घ्यायचं. इथल्या तोंडी निकालावर विसंबायचं नाही. पॉझिटिव्ह असल्याचं पक्कं झालं तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नोंद. भारतात सरकारी केंद्रांतून ही औषधं 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळतात, आणि सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. पूर्वी सीडी4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, खाली येईपर्यंत थांबवायचे. 2017 पासून निदान झालं की उपचार, आकडा काहीही असो. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कॅम्पमधल्या एकालाही कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या डोक्यात अजून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं, हाडाचा सापळा झालेल्या माणसाचं चित्र आहे. एचआयव्ही म्हणजे मरण, अशी समजूत असलेला माणूस चाचणीपासून पळणारच.

भारतात पोहोचल्यावर 1097 हा मोफत क्रमांक आहे. तो पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापा.

कायद्याचंही लिहिते, कारण ‘हे असंच चालायचं’ हे वाक्य मला पटत नाही. आपल्याकडचा 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, आणि नोकरीची अट म्हणून चाचणी नाही, असं तो म्हणतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही 2010 च्या शिफारशीत हेच म्हटलंय, आणि स्थलांतरित कामगारांचा उल्लेख करून म्हटलंय. असं असताना मुंबईतल्या केंद्रात आखाती नोकरीसाठी रोज रांगेने रक्त काढलं जातं, समुपदेशनाशिवाय. परदेशाची अट आपण बदलू शकणार नाही. पण मुंबईत अनफिट ठरलेल्या माणसाला आयसीटीसीची चिठ्ठी देणं आपल्याच देशात, आपल्याच हातात आहे. मंडळाने महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेला तसं पत्र लिहावं, ही माझी सूचना.

वेगळं करता येतं, हे थायलंडने दाखवलंय. म्यानमार, कंबोडिया, लाओसमधून आलेल्या मजुरांच्या आरोग्य विम्यात त्यांनी 2013 पासून एचआयव्हीची औषधं घेतली. आईकडून बाळाला होणारी लागण जवळपास थांबवल्याचं प्रमाणपत्र त्यांना 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळालं, आशियातला पहिला देश म्हणून. परदेशी मजूर बायकांना वगळून ते जमलं नसतं. इथलंच उदाहरण घ्या. 2016 पासून व्हिसा नव्याने करताना क्षयरोग निघाला, तर सशर्त फिटनेस देऊन इथेच उपचार करतात. क्षय हवेतून पसरतो, एचआयव्ही खोलीतल्या सोबत्याला पसरत नाही. तरी क्षयाच्या रुग्णाला थांबता येतं आणि एचआयव्हीच्या रुग्णाला विमानात बसवतात. याला वैद्यकीय कारण मला तरी सापडत नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांना विसरू नका. त्या कॅम्पमध्ये नसतात, शिबिराला येत नाहीत. मालकाच्या घरात काही वाईट घडलं तर लागण रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. हे त्यांच्यापर्यंत कसं पोचवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंना आपण सांगू शकतो, तिथून सुरुवात व्हावी.

प्रेषक: माजी सभासद, आता सिंगापूर

एकच गोष्ट. शिबिरात नाव, पासपोर्ट क्रमांक, मोबाइल, काहीही लिहून घेऊ नका. 2019 च्या जानेवारीत इथे एचआयव्ही नोंदवहीतली 14,200 जणांची माहिती फुटल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यातले 8,800 परदेशी होते, कामाच्या किंवा भेटीच्या पासासाठी तपासणी झालेलेही त्यात होते. सरकारी नोंदवहीचं असं होऊ शकतं. आपली एक्सेल शीट तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, देरा

डॉक्टर, मजकूर असा असेल तर माझा विरोध नाही. ‘आयसीटीसी’ म्हणजे काय ते मात्र साध्या शब्दांत लिहा, नुसती अक्षरं छापू नका. आणि एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने, डास चावल्याने लागण होत नाही, हे वर घ्या. एका पोराला खोलीतून बाहेर काढलेलं मी पाहिलंय, नुसत्या संशयावरून.

प्रेषक: आरोग्य उपसमिती

काका, ते वाक्य पहिलं येईल.

पान राहतंय. डॉक्टरांचा मजकूर मी दोन भागांत मांडते: रजेवर जाणाऱ्यांसाठी आणि कायमचं परत जाणाऱ्यांसाठी. दुसरा भाग खिशात मावेल असा वेगळाही छापू, म्हणजे शारजाच्या दादांना तो तिकिटासोबत देता येईल. दादा, हे काम तुमच्यावर सोपवते. कुणी कशामुळे चाललंय हे विचारायचं नाही, परत जाणाऱ्या प्रत्येकाला द्यायचं. म्हणजे कुणावर बोट उठणार नाही.

शिबिरात एका कोपऱ्यात पडदा लावून बोलायला जागा ठेवू. नोंद ठेवणार नाही. तिथे बसायला दोन पुरुष स्वयंसेवक हवेत, पोरं माझ्याशी मोकळं बोलणार नाहीत. एड्स नियंत्रण संस्थेच्या पत्राचा मसुदा डॉक्टरांनी पाठवावा, सह्या मी गोळा करते. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या आपापल्या तालुक्यातली आयसीटीसी कुठल्या इमारतीत, किती वाजता उघडी असते, हे ज्यांना गावाकडे फोन करून विचारता येईल त्यांनी कळवा. ती यादी पत्रकाच्या मागच्या बाजूला छापायची आहे.