अंधारी, भोवळ, झीट

पेठकर: कोल्हापूर भागात उठताना तोल गेला की कुणी 'डोळ्यांम्होरं अंधारी आली' म्हणतं, कुणी भोवळ, कुणी झीट. वयस्कांसाठी माहितीपत्रक लिहायचं आहे. तिन्ही समानार्थी धरावेत का?

नाडीपरीक्षा: धरू नका. भोवळ ही भोवरा, भोवती यांच्या कुळातली, चक्कर चक्रातली. दोन्हींत फिरणं आहे. खोली गरगरते तेव्हा बहुधा आतल्या कानाचं दुखणं असतं. अंधारी मात्र रक्तदाबाची. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं, दाब घसरतो आणि साधारण 10 सेकंदांत तळ गाठतो. मानेतल्या धमनीतले दाब जोखणारे चेतातंतू एक-दोन ठोक्यांतच हृदयाला पळवतात, पण हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळायला आणखी काही सेकंद जातात. मेंदूतल्या बारीक धमन्या उलट रुंदावतात, त्यांनाही तेवढाच वेळ लागतो. या फटीतच अंधारी येते. डोळ्याच्या आत स्वतःचा 10 ते 20 मिमी (पाऱ्याचा, रक्तदाबाचंच माप) दाब असतो, म्हणून दृष्टिपटलाचं रक्त आधी तुटतं. दिसेनासं होतं, तरी ऐकू येत असतं. झीट त्यापुढची: मेंदूचा प्रवाह पुरता थांबला तर 6 ते 8 सेकंदांत शुद्ध जाते.

गणिती: पण दाब 60 ते 150 असेपर्यंत मेंदूचा प्रवाह कायम राहतो, असं पुस्तकात असतं. मग वरचा आकडा 130 वरून 95 वर आला तर अंधारी का?

नाडीपरीक्षा: ते आकडे सरासरी दाबाचे आहेत, वरच्या आकड्याचे नव्हेत. आणि पुस्तकातला तो आलेख दाब सावकाश बदलतो तेव्हाचा. झटक्याला तो लागू नाही. शिवाय दाब मोजतो दंडावर, हृदयाच्या पातळीला. उभ्या माणसाच्या मेंदूपाशी तो 15 ते 20 मिमी कमीच असतो. जुना उच्च रक्तदाब असेल तर 60 ते 150 ची ही पट्टीच वर सरकलेली असते, त्यामुळे इतरांना चालणारा दाबही अशा माणसाला कमी पडू शकतो.

लाल माती: तालमीत बैठका मारून एकदम थांबलं की येते ती अंधारीच. मांड्यांच्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या, आणि रक्त वर ढकलणाऱ्या पोटऱ्या थांबलेल्या. म्हणून चालत राहायचं. आलीच तर पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या आणि कुल्ले आवळायचे. जमत नसेल तर तिथंच खाली बसायचं. आडवं पडलेल्याला धरून उभं करतात, हे सगळ्यांत वाईट.

नाडीपरीक्षा: बरोबर. पत्रकात मोजणीही टाका: 5 मिनिटं आडवं राहून दाब घ्यायचा, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवायचं. प्रोस्टेटच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्यांची यादी सोबत न्यायची, मनानं बंद करायच्या नाहीत.

पेठकर: आणि 'घेरी'?

नाडीपरीक्षा: ती दोन्हीकडे चालते, म्हणूनच पत्रकात नको. 'उभं राहताना अंधारी येते का?' असं विचारा.