सारसांचा नाच टिपताना

सारसांच्या प्रणयनृत्यासाठी १/५०० सेकंदाचा शटरवेग (कॅमेऱ्याचे शटर उघडे राहण्याचा वेळ) पुरतो, हे मत मला पटत नाही. माना लववण्यापुरते ते ठीक, पण पक्षी पंख पसरून उसळी घेतो तेव्हा पिसांची टोके पुसट येतात, म्हणून मी शक्यतो १/२००० सेकंदापेक्षा मंद वेगावर उतरत नाही. जोडीने माना उंचावून तुतारीसारखी साद घातली आणि नराच्या एका हाकेला मादीच्या दोन हाका येऊ लागल्या, की बोट शटरवर असावे. सुमारे १८० सेंटिमीटर उंचीचा हा पक्षी उडी मारताच चौकटीबाहेर जातो (माझ्याकडे बिनडोक्याच्या सारसांची छायाचित्रे भरपूर आहेत), तेव्हा झूम थोडा मागेच ठेवावा. चोचीने भिरकावलेली गवताची काडी हवेत असते, तो क्षण सोडू नये. मात्र नाच थांबवून जोडी आपल्याकडे एकटक पाहू लागली, तर आपण फार जवळ आलो आहोत, असे समजून मागे सरकावे.